दक्षिण सागरातील बुडालेले पठार

हिंदी महासागराचा नकाशा समोर घ्यावा आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील पोरबंदरापासून सरळ दक्षिणेकडे एक रेषा ओढावी. विषुववृत्त मागे पडते, मकरवृत्त मागे पडते, तरी या रेषेला भूमीचा स्पर्श होत नाही. लक्षद्वीप आणि मालदीव पूर्वेला राहतात, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज पश्चिमेला. सुमारे आठ हजार किलोमीटरांचा जलमार्ग ओलांडल्यावर, एकोणपन्नासाव्या दक्षिण अक्षांशाजवळ, ही रेषा एका काळ्या, उघड्याबोडक्या बेटावर जाऊन थांबते.

या बेटाचे नाव केर्गेलेन. तेथे एकही वृक्ष नाही. पश्चिमेचे वादळी वारे तेथे बाराही महिने घोंघावत असतात. वस्ती म्हणावी तर फ्रेंच सरकारचे एक संशोधनकेंद्र आणि तेथे पाळीपाळीने जाऊन राहणारी मोजकी माणसे. परंतु नकाशावर ठिपक्याएवढे दिसणारे हे बेट एकटे नाही. डोंगराळ मुलुखात पहाटे धुके दाटले म्हणजे दऱ्याखोरी झाकली जातात आणि एखादे शिखर तेवढे वर राहते. तसाच हा प्रकार आहे. या बेटाखाली, अंटार्क्टिकाच्या दिशेने दोन हजार किलोमीटरांहून अधिक लांब पसरलेले एक विशाल पठार समुद्रात बुडालेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ चौपट भरते. भोवतालच्या सागरतळापासून ते दोन ते चार किलोमीटर उंच उठलेले आहे. तरीही त्याचा बहुतेक माथा आज एक ते तीन किलोमीटर पाण्याखाली आहे. केर्गेलेनचा द्वीपसमूह आणि हर्ड व मॅक्डोनाल्ड ही बेटे एवढीच काय ती त्याची पाण्यावर डोकावणारी टोके.

या पठाराला दोन इतिहास आहेत. एक मानवाचा, तो जेमतेम अडीचशे वर्षांचा. दुसरा पाषाणाचा, तो बारा कोटी वर्षांचा. पहिल्या इतिहासाच्या आरंभी एक खोटा अहवाल आहे, आणि दुसऱ्या इतिहासाचा शोध म्हणजे, विलक्षण योगायोग असा की, त्या अहवालात वर्णिलेल्या वनाच्छादित भूमीचाच शोध आहे. हे दोन इतिहास एकमेकांना कोठे भेटले आणि त्या भेटीत आपल्या देशाचा संबंध कसा आला, हे आज पाहावयाचे आहे.

अठराव्या शतकातील युरोपात दक्षिण ध्रुवाभोवती एक विस्तीर्ण, सुपीक आणि संपन्न खंड असला पाहिजे अशी दृढ समजूत होती. उत्तर गोलार्धात एवढी जमीन, तर पृथ्वीचा तोल सांभाळण्यासाठी दक्षिणेतही तेवढी जमीन हवी, असा त्यामागचा तर्क. हा खंड प्रथम कोण हस्तगत करणार याविषयी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात चढाओढ लागली होती. ब्रिटनी प्रांतातील इव्ह-जोसेफ द केर्गेलेन या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला याच कामगिरीवर पाठविण्यात आले. १७७२ च्या जानेवारीत त्याने मॉरिशसहून, म्हणजे त्या वेळच्या ईल द फ्रान्सहून, दोन जहाजांनिशी दक्षिणेकडे प्रयाण केले. १२ फेब्रुवारीच्या सुमारास धुक्यातून त्याला भूमीची रेषा दिसली. दुसऱ्या जहाजावरील एका अधिकाऱ्याने होडीतून किनारा गाठला आणि फ्रान्सच्या राजाच्या नावाने ती भूमी ताब्यात घेतल्याची घोषणा केली. स्वतः केर्गेलेनने मात्र किनाऱ्यावर पाऊल ठेवले नाही. वादळात दोन्ही जहाजांची ताटातूट झाली. तेव्हा सोबत्याचा शोध सोडून देऊन त्याने परतीची वाट धरली.

फ्रान्सला पोचल्यावर त्याने जो अहवाल दिला तो वाचण्यासारखा आहे. आपण पाहिलेली भूमी हा दक्षिण खंडाचा मध्यभाग असून तिला 'दक्षिण फ्रान्स' असे नाव दिले आहे. ज्या अक्षांशावर ती आहे त्यावरून मायदेशातील सर्व पिके तेथे येतील. इमारती लाकूड, खनिजे, कदाचित हिरेमाणकेही तेथे सापडतील. आणि तिच्या स्थानामुळे हिंदुस्थान, मोलुका बेटे व चीन यांच्या मार्गांवर हुकमत ठेवता येईल, असा त्याचा आशय होता. सरकारी दप्तराशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे त्याला या मजकुरात ओळखीचे काही आढळेल. वरिष्ठांना जे ऐकण्याची इच्छा आहे ते हेरावयाचे, 'असावे' या क्रियापदाच्या जागी हळूच 'आहे' हे क्रियापद बसवावयाचे, आणि पाहिलेल्या एका टोकावरून न पाहिलेल्या संपूर्ण खंडाचे वर्णन करावयाचे, ही अहवाललेखनाची रीत काही एका देशाची वा एका शतकाची मिरास नाही. पंधराव्या लुईच्या दरबारात या अहवालाचे स्वागत झाले. केर्गेलेनला बढती मिळाली आणि १७७३ मध्ये तीन जहाजांची दुसरी मोहीम त्याच्या हाती सोपविण्यात आली.

या मोहिमेने सत्य उघड केले. डिसेंबरात ती त्या किनाऱ्याजवळ पोचली तेव्हा दक्षिण गोलार्धातला भर उन्हाळा असूनही धुके, गारपीट आणि वादळ यांवाचून काही दिसेना. १७७४ च्या जानेवारीत एका अधिकाऱ्याने एका उपसागरात उतरून ताबा घेतल्याचा लेख बाटलीत घालून ठेवला. केर्गेलेन या खेपेलाही उतरला नाही. ना पिके, ना लाकूड, ना माणिक. फ्रान्सला परतल्यावर १७७५ मध्ये त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला. प्रवासातील त्याच्या वर्तनाविषयी आणि सोबतचे जहाज मागे सोडण्याविषयीही गंभीर आरोप होते. त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला आणि त्याला किल्ल्यात कैद भोगावी लागली. १७७८ मध्ये त्याची सुटका झाली.

यानंतर रंगभूमीवर येतो तो कॅप्टन जेम्स कुक. आपल्या तिसऱ्या सफरीत १७७६ च्या नाताळात तो 'रेझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी' ही जहाजे घेऊन या बेटाच्या उत्तर टोकाशी आला. त्याने नांगरलेल्या खाडीला आजही नाताळ बंदर याच अर्थाचे नाव आहे. तेथे त्याच्या एका खलाशाला फ्रेंचांनी ठेवलेली बाटली सापडली. कुकने त्याच चर्मपत्राच्या पाठीवर आपल्या जहाजांची नावे आणि सालमहिना लिहविला, सोबत १७७२ सालचे एक दोन पेन्सांचे चांदीचे नाणे घातले आणि बाटली पुन्हा किनाऱ्यावर दगडांच्या राशीत ठेवून दिली. या भूमीला उजाड बेट म्हणणेच शोभेल, परंतु तिला केर्गेलेनचे नाव लाभण्याचा मान हिरावून घ्यावा असे आपल्याला वाटत नाही, असे त्याने आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे. कुकने पाहिले तेवढेच लिहिले. झाड नाही, झुडूपही नाही. पक्षी व सील विपुल. आणि कोबीसारखी एक वनस्पती, जी खाऊन खलाशांचे आरोग्य राखता येते. दक्षिणेकडील संपन्न खंडाच्या कल्पनेवर त्याने यापूर्वीच्या सफरीतच घाव घातला होता. केर्गेलेनपुरता तो प्रश्न आता मिटला असे सर्वांना वाटले.

परंतु प्रश्न मिटला नव्हता. १८४० साली जेम्स क्लार्क रॉसची दोन जहाजे हिवाळ्यात याच नाताळ बंदरात येऊन राहिली. जहाजांवर जोसेफ हूकर नावाचा तेविशीच्या आतला एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. हाच पुढे सिक्कीम-हिमालयातील संशोधनाने आपल्याकडे प्रसिद्धीस आला. जहाजाचा वैद्य रॉबर्ट मॅकॉर्मिक याला भूगर्भाचा नाद होता. या मंडळींना काळ्या कातळांच्या थरांमध्ये दगडी कोळशाचे पट्टे आणि दगड बनलेली झाडांची खोडे आढळली. ज्या बेटावर आज गुडघ्याएवढे झुडूपही नाही, तेथे एके काळी अरण्य होते याचा तो डोळ्यांदेखत पुरावा होता. शिवाय येथील वनस्पतींचे नाते हजारो मैल दूर असलेल्या दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी जुळत होते. यावरून हूकरच्या मनाने घेतले की, दक्षिण सागरातील ही विखुरलेली बेटे म्हणजे कोणा मोठ्या, आता लोपलेल्या भूप्रदेशाचे अवशेष असले पाहिजेत. त्याचा जिवलग मित्र चार्ल्स डार्विन याला हे मान्य नव्हते. प्रत्येक कोड्यासाठी समुद्रात एक खंड बुडवावयाचा, ही रीत त्याला पसंत नव्हती. हिमनगांवरील माती-दगडांतून बिया वाहत आल्या असाव्यात, असे त्याने १८५९ च्या आपल्या विख्यात ग्रंथात सुचविले. हा वाद दोघांच्या हयातीत सुटला नाही, कारण तो सोडविण्यासाठी जेथे पाहावयास हवे ते स्थळ पाण्याखाली होते.

पाण्याखाली पाहण्याची साधने फार हळूहळू हाती आली. १८७४ मध्ये 'चॅलेंजर' या इंग्रज संशोधननौकेने दोरीला वजन बांधून या भागातील खोली मोजली, तेव्हा केर्गेलेन आणि हर्ड या बेटांमधील समुद्र उथळ असल्याचे, म्हणजे ही दोन्ही बेटे एकाच बुडालेल्या उंचवट्यावर असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी डिसेंबरात शुक्राचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण पाहण्यासाठी इंग्रज, अमेरिकन आणि जर्मन ज्योतिर्विद या उजाड बेटावर तळ ठोकून बसले होते. त्यांची दृष्टी आकाशाकडे होती. १९०१ ते १९०३ या काळातील ड्रिगाल्स्कीच्या जर्मन अंटार्क्टिक मोहिमेनेही येथे ठाणे ठेवले होते. पुढे प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याची यंत्रे आली. १९५९ ते १९६५ या कालखंडात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. याच मोहिमेच्या प्रेरणेतून १९६६ मध्ये आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली, जी आज गोव्यात दोना पावला येथे आहे. या काळात हिंदी महासागराच्या तळाचे जे नकाशे तयार झाले त्यांनी जाणत्यांनाही चकित केले. सपाट वाटणाऱ्या तळावर पर्वतरांगा होत्या, दऱ्या होत्या. नव्वदाव्या पूर्व रेखांशाला धरून दक्षिणोत्तर गेलेला सुमारे पाच हजार किलोमीटर लांबीचा एक सरळसोट कणा होता. आणि दक्षिणेला केर्गेलेनचे हे अफाट पठार होते.

मग प्रश्न आला, हे पठार कशाचे? भूखंडाचा तुटून बुडालेला तुकडा म्हणावा, की सागरतळावरच उभी राहिलेली नवी रचना? याचे उत्तर समजण्यासाठी भूकवचाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. खंडांचे कवच मुख्यतः ग्रॅनाइट आणि नाइस यांसारख्या हलक्या खडकांचे असते, सागराखालचे कवच बेसॉल्टचे, म्हणजे सह्याद्रीत सर्वत्र दिसणाऱ्या त्या काळ्या जड कातळाच्या जातीचे. सागरतळाचे कवच साधारणतः सात किलोमीटर जाड असते. केर्गेलेनखाली मात्र त्याची जाडी याच्या कितीतरी पट अधिक आहे. पृथ्वीच्या पोटातून एवढा शिलारस एके ठिकाणी वर यावा, याचे स्पष्टीकरण १९६३ मध्ये विल्सन आणि १९७१ मध्ये मॉर्गन या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या उपपत्तीत शोधले जाते. भूकवचाखालच्या प्रावरणातून काही ठरावीक ठिकाणी अतितप्त द्रव्याचे स्तंभ वर चढत असतात. वरचे भूपट्ट सरकत राहतात, स्तंभ मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतो. त्यामुळे जळत्या समईवरून कागद सरकवीत न्यावा आणि त्यावर काजळीची रेघ उमटावी, तशी ज्वालामुखींची रांग भूपट्टावर उमटत जाते. ही उपपत्ती बहुमान्य असली तरी निर्विवाद नाही. विशेषतः केर्गेलेनच्या बाबतीत ज्वालामुखीचा उद्रेक एका झपाट्यात न आटोपता कोट्यवधी वर्षे रेंगाळला, याचा मेळ घालताना शास्त्रज्ञांना अजूनही सायास पडतात.

उपपत्ती कितीही सुबक असली तरी दगड हातात आल्यावाचून तिला आधार नाही. तो दगड वेधनाने हाती आला. १९८७-८८ मध्ये आणि पुन्हा १९९८ च्या डिसेंबरापासून १९९९ च्या फेब्रुवारीपर्यंत 'जॉइडिस रेझोल्यूशन' या नौकेने या पठारावर ठिकठिकाणी छिद्रे पाडली. या नौकेचे नाव कुकच्या 'रेझोल्यूशन'वरूनच ठेवलेले आहे. कार्य किती कठीण याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. पठाराच्या मध्यभागी एका ठिकाणी वर सुमारे ११४० मीटर पाणी, त्याखाली सुमारे ७०० मीटर गाळ, आणि त्यानंतर कोठे कातळ. वादळी समुद्रात जहाज एकाच जागी स्थिर ठेवून, पोलादी नळीने हे सर्व भेदावयाचे आणि भेदलेल्या थरांचे दंडगोल अखंड वर काढावयाचे.

हे दंडगोल म्हणजे पठाराचे दप्तरच होय. सर्वांत वरचा गाळ खोल समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या कवचांचा. त्याखाली उथळ समुद्रात साचणारी वाळू आणि शिंपले. त्याहून खाली, कातळाला लागून, गडद तपकिरी माती. आणि त्या मातीत लाकडाचे तुकडे, बिया, बीजाणू व परागकण. खुद्द कातळातील लाव्ह्याच्या थरांचे माथे तांबूस पडलेले होते. पाण्याखाली वाहिलेला लाव्हा उशांसारख्या गोळ्यांच्या रूपाने थिजतो. येथील अनेक थर तसे नव्हते. ते उघड्या हवेत वाहिले होते आणि दोन उद्रेकांमधल्या अवकाशात ऊनपावसाने झिजून त्यांची माती झाली होती. काही ठिकाणी जळालेल्या लाकडाचा कोळसा मिळाला. कोळसा म्हणजे आग, आणि आग म्हणजे जळण्याजोगे रान. अशा रीतीने, ज्या जागी आज किलोमीटरभर थंडगार पाणी आहे त्या जागी एके काळी नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांनी झाकलेली, पाऊस झेलणारी आणि वणव्यात पेटणारी भूमी होती, हे निःसंशय सिद्ध झाले.

कातळाचे वय ठरविण्याची रीतही सांगितली पाहिजे. खडकातील पोटॅशियमचा एक प्रकार अत्यंत मंद गतीने आर्गॉन वायूत पालटत असतो. किती पालटला हे मोजले की खडक केव्हा थिजला ते कळते. या गणिताने पठाराचा दक्षिण भाग सुमारे ११ ते १२ कोटी वर्षांपूर्वीचा ठरला, मध्यभाग सुमारे १० कोटी वर्षांचा, तर उत्तर भाग केवळ ४ कोटी वर्षांच्या आतबाहेरचा. म्हणजे सगळे पठार एकदम पाण्यावर नव्हते. वेगवेगळ्या युगांत त्याचे वेगवेगळे भाग भूमी होते. रॉसच्या मंडळींना सापडलेली अश्मीभूत खोडे उत्तरेकडील बेटांवरची, म्हणून पुष्कळच अलीकडची. वेधनात सापडलेले दक्षिण व मध्य भागांतील वन त्यांच्या कितीतरी आधीचे. दोन्ही अरण्ये खरी, परंतु ती एक नव्हेत.

ही भूमी बुडाली कशी? प्रलय झाला नाही, की भूकंपात ती गडप झाली नाही. तप्त कवच प्रसरण पावलेले असते, म्हणून उंच उचललेले असते. उष्णतेचा पुरवठा दूर झाला की ते निवत जाते, आकसते, जड होते आणि इंचाइंचाने खाली बसते. अरण्याच्या जागी आधी खारट दलदल, मग उथळ समुद्र, मग खोल समुद्र, असा हा अवतार कोट्यवधी वर्षांत पालटला. तेथे एखादा प्राणी वावरत असता तर त्याच्या हजारो पिढ्यांना आपल्या पायाखालची जमीन खचते आहे याची जाणीवही झाली नसती.

आता आपल्या देशाकडे वळू. बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकाच महाखंडाचे भाग होते. ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ झ्यूस यांनी त्या महाखंडाला आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या मुलुखावरून गोंडवनभूमी हे नाव दिले, हे सर्वश्रुत आहे. हा महाखंड फाटत असताना, भेगेच्या आसपास, केर्गेलेनचा अग्निस्तंभ जागा झाला. पठाराच्या पश्चिम बाजूला एलान बँक नावाचा एक फाटा आहे. १९९९ च्या आरंभी तेथील छिद्रातून नदीच्या प्रवाहात गोल झालेल्या गोट्यांचा एक थर वर आला. त्यांत ज्वालामुखीच्या खडकांचे गोटे होते, त्यात नवल नव्हते. परंतु त्यांत नाइस जातीच्या खडकाचेही गोटे होते, आणि नाइस हा खंडाचा खडक, सागरतळाचा नव्हे. त्यांतील काही खनिजांचे वय ५० कोटी वर्षांहून अधिक निघाले. जुळणी केली तेव्हा त्यांचे नाते भारताच्या पूर्व घाटातील आणि त्याला एके काळी चिकटलेल्या पूर्व अंटार्क्टिकातील खडकांशी लागले. याचा अर्थ असा की, भारत उत्तरेकडे निघाला तेव्हा सागरतळ फाटण्याची रेषा मध्येच उत्तरेला सरकली आणि भारताच्या कडेचा एक तुकडा मागे राहिला. त्या तुकड्यावरून नद्या वाहिल्या, त्यांनी गोटे घडविले, मग लाव्ह्याने आणि नंतर समुद्राने ते झाकून टाकले. पूर्व घाटाचा एक अंश आज अंटार्क्टिकाच्या वाटेवर पाण्याखाली पडून आहे.

दुसरा दुवा झारखंडात आहे. गंगा जेथे दक्षिणेकडे वळण घेते तेथे, साहिबगंज व पाकुडच्या परिसरात, राजमहालच्या टेकड्या उभ्या आहेत. या टेकड्या बेसॉल्टच्या आहेत. पाकुडची काळी खडी पूर्व भारतात बांधकामासाठी प्रसिद्ध आहे. हा लाव्हा सुमारे ११ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे केर्गेलेन पठाराच्या दक्षिण भागाचा समकालीन. बेसॉल्ट थिजताना त्यातील लोहकण तत्कालीन चुंबकीय दिशेची खूण धरून ठेवतात. राजमहालच्या खडकांतील ही खूण सांगते की, ते थिजले तेव्हा बंगालची ती भूमी ४५ ते ५० दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान होती. केर्गेलेनही आज त्याच पट्ट्यात आहे. तेथून भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच्यामागे स्तंभाने आपली रेघ ओढली. नव्वदाव्या रेखांशावरील तो कणा म्हणजेच ती रेघ. तिचे उत्तरेकडील खडक सुमारे ८ कोटी वर्षांचे, दक्षिणेकडील सुमारे ४ कोटी वर्षांचे. वय ओळीने कमी होत जाते. तिचे उत्तर टोक गंगा-ब्रह्मपुत्रेने बंगालच्या उपसागरात आणून टाकलेल्या गाळाखाली पुरले गेले आहे. राजमहालचा लाव्हा थेट स्तंभाच्या माथ्यावरून आला की त्याच्या धगीने दुरून वितळला, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु दोहोंचा काही संबंध आहे हे बहुतेकांना मान्य आहे.

राजमहालच्या लाव्ह्याच्या थरांमध्येही वनस्पतींचे अवशेष आहेत. ओल्डहॅम आणि मॉरिस यांनी त्यांचे वर्णन १८६३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केले. आपले थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी तर या टेकड्यांतील अश्मीभूत वनस्पतींच्या अभ्यासात आयुष्याचा मोठा भाग वेचला. 'विल्यमसोनिया' नावाच्या लुप्त वनस्पतीचे त्यांनी तुकड्या-तुकड्यांतून जुळविलेले समग्र रूप १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर मान्यता पावले. लखनौ येथील त्यांच्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि अवघ्या आठवड्याने साहनी निवर्तले. राजमहालच्या दगडांत त्यांनी जे रान वाचले, त्याच युगातले दुसरे रान दक्षिणेला मागे राहून समुद्रात उतरले होते, हे कळावयास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना आपला दख्खनचा काळा कातळ आठवल्याशिवाय राहणार नाही. तो मात्र निराळ्या स्तंभाचे, आज रीयुनियन बेटाखाली असलेल्या स्तंभाचे कार्य मानला जातो आणि वयाने सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे केर्गेलेनच्या दक्षिण भागाहून पुष्कळच तरुण आहे. जात मात्र एकच. केर्गेलेन बेटावरील डोंगरांचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे पाहिले तर सह्याद्रीच्या माणसाला ते परके वाटणार नाहीत. भेद एवढाच की, आपले पठार खंडाच्या जाड कवचावर पसरले म्हणून तरले. ते पठार बहुतांशी सागराच्या कवचावर उभे राहिले म्हणून बुडाले. अग्नी तेथे अजून पुरता विझलेलाही नाही. हर्ड बेटावर २७४५ मीटर उंचीचे जागृत ज्वालामुखी शिखर आहे, आणि १९९० च्या दशकातील उद्रेकांनी मॅक्डोनाल्ड बेटाचा आकार जवळजवळ दुप्पट केला.

१९९९ मध्ये वेधनाचे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा 'हरवलेला खंड सापडला' असे मथळे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. बुडालेल्या भूमीचे मानवी मनाला विलक्षण आकर्षण आहे. १८६४ मध्ये स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने हिंदी महासागरात 'लेमूरिया' नावाच्या बुडालेल्या खंडाची कल्पना मांडली. शास्त्राने ती पुढे टाकून दिली तरी लोकांच्या मनातून ती गेली नाही, आणि तिच्यावर संस्कृतींचे व राज्यांचे इमले चढतच राहिले. केर्गेलेनच्या बाबतीतही तसे होण्याचा मोह आहे. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की, त्या पठाराची दक्षिणेकडील अरण्ये लोपली तेव्हा पृथ्वीवर मनुष्य जन्मास येण्याला कोट्यवधी वर्षे अवकाश होता. तेथे कोणते पशू हिंडत होते याविषयी तर्क लढविता येतात, पण वेधनाने त्यांचा पुरावा दिलेला नाही.

मग केर्गेलेन खरा ठरला काय? त्याने वर्णिलेले लाकूड होते, जमीन होती, अक्षांशही जवळपास तोच होता. तरीसुद्धा तो खरा ठरला असे म्हणता येत नाही. त्याने जे लिहिले ते त्याने पाहिले नव्हते. आणि न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणे, ते पुढे योगायोगाने खरे निघाले तरी, ज्ञान होत नाही. उलट कुकने झाड नाही असे लिहिले, ते अक्षरशः खरे होते, आणि त्याचा अहवाल प्रमाण मानूनच पुढच्यांना अश्मीभूत खोडांचे नवल वाटले. उजाडपणाची नोंद प्रामाणिक नसती तर अरण्याच्या पुराव्याचे मोल कोणाला कळले असते? हूकरने जेवढे दिसले त्यावरून शंका उपस्थित केली, डार्विनने पुरावा मागितला, आणि दीडशे वर्षांनी कोणा तिसऱ्यानेच तो मूठभर तपकिरी मातीच्या रूपाने वर आणला. त्या मातीतील एका बीजाणूने जे सांगितले ते दरबारात सादर झालेल्या साऱ्या हिऱ्यामाणकांच्या वर्णनाला सांगता आले नव्हते.

पठार अद्याप बव्हंशी अज्ञात आहे. साडेबारा लाख चौरस किलोमीटरांवर मोजकीच छिद्रे पडली आहेत. आपल्या देशाएवढ्या प्रदेशाचे ज्ञान चारदोन विहिरी खणून व्हावे, तसे हे ज्ञान आहे. त्या विहिरींच्या मधले सर्व अंतर आज अनुमानाने भरलेले आहे, आणि तेथे काय आहे हे सांगताना 'आहे' हा शब्द वापरण्याचा अधिकार पुढच्या संशोधकांना नवे दगड हाती आल्यावरच मिळणार आहे.